आमची वाटचाल : सहा फुटी लेथपासून शिरोलीच्या शेडपर्यंत

कोल्हापूरजवळ शिरोलीत आमच्या मशिनशॉपची शेड झाल्यापासून डिप्लोमा झालेली पोरं भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणतं मशिन घेऊ? मी सांगतो, मशिन शेवटी. आधी काम कोण देणार ते बघ, त्याचा पैसा किती दिवसांनी येतो ते बाजारात विचार, मग जागा, मग महावितरणचं थ्री फेज कनेक्शन, आणि मग मशिन. हे त्यांना पटत नाही, कारण हप्त्यावर व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन) द्यायला फायनान्सवाले दारात उभे असतात. म्हणून आमच्या बाबतीत काय घडलं ते एकदा सविस्तर लिहितो.

२००७ साली शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली. त्याआधी मी एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) मशिनशॉपला टर्नर होतो, म्हणजे लेथवर धातूचा नग फिरवून कापायचो. उद्यमनगर ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून असंच चालत आलंय. एक जण टर्निंग करतो, शेजारचा कीवे (चावी बसायची खाच) मारतो, पलीकडचा ग्राइंडिंग करून देतो. त्यामुळे नवख्याला एका लेथवर उभं राहता येतं. बाकीची मशिनं शेजाऱ्यांची असतात.

लेथ जुना घेतला, सहा फुटी. जुना लेथ घेणाऱ्यांनी रंगावर जाऊ नये. बेड (खालचा लोखंडी पाट) सगळ्यात जास्त झिजतो तो चकजवळ (नग धरणाऱ्या भागाजवळ), कारण काम तिथंच चालतं. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणून गिब (त्याची ढिलाई काढणारी पट्टी) आवळा आणि टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडे, सरकवा. तिकडं जाताना सॅडल जाम व्हायला लागला तर चकजवळ बेड झिजून बसलाय समजा. मग स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) नाकाला डायल (काट्याचं मापक) लावा, हाताने फिरवा, काटा किती हलतो ते बघा. शेवटी फूटभर बार घेऊन टेलस्टॉक न लावता हलका कट मारा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावून फरक बघा. विकणारा हे करू देत नसेल तर तिथून निघा. आम्ही हे सगळं करूनच घेतला आणि तो लेथ आजही आमच्याकडे चालतो. आणखी एक, नव्या लेथपेक्षा आधी चांगला डायल बोअर गेज (भोकाचं आतलं माप घेणारं साधन) घ्या. मशिन थोडं सैल असलं तरी हुशार कारागीर माप काढतो, पण मापच चुकीचं दिसत असेल तर त्याच्या हातात काही राहत नाही.

पुढची वर्षं कामाची गेली. २०१५ ला पहिलं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) आलं, माणसं वाढली.

आता मुख्य विषय, आमच्या फिक्श्चरचा, म्हणजे जॉब मशिनवर नेमक्या जागी धरणाऱ्या साधनाचा. एका पार्टीचं (काम देणाऱ्या कंपनीचं) बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसायचं घर, आमच्याकडे होतं. ग्रे कास्ट आयर्न, भिंत पातळ, आत ६२०६ बेअरिंग बसणार. म्हणजे बोअर (आतलं भोक) ६२ मिलिमीटर, टॉलरन्स (मापातली सूट) एच-सेव्हन, शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. हा जॉब तीन जबड्यांच्या चकमध्ये धरला की दाबला जातो. मशिनवर असताना बोअर गोल दाखवतो, चक सोडला की भिंत परत फुगते आणि बोअर तीन ठिकाणी आत-बाहेर होतो. पार्टीचे आधीचे दोन व्हेंडर याच रिजेक्शनला कंटाळून जॉब सोडून गेले होते. मी फिक्श्चर बनवलं. आधी फिरवलेल्या स्पिगॉटवर (गोल उंचवट्यावर) लोकेशन घेतलं आणि बाजूने दाब न देता फ्लँजवर (कडेच्या पसरट भागावर) तीन क्लॅम्पनी मागच्या दिशेने दाबलं. पिना हार्डन करून ग्राइंड केल्या, सीट एका सेटिंगमध्ये फिरवून घेतली. मटेरियल, हार्डनिंग, ग्राइंडिंग, सगळा खर्च आमचा. त्या दिवसापासून बोअरचं रिजेक्शन जवळजवळ संपलं. जे राहिलं ते ब्लोहोलचं (ओतकामात राहिलेल्या पोकळीचं), म्हणजे फाउंड्रीच्या चुकीचं. तरीही महिन्याच्या डेबिट नोटमध्ये (बिलातून कापायच्या रकमेच्या कागदात) ते आमच्याच नावावर पडायचं, आणि दर महिन्याला नग समोर ठेवून ते काढून घ्यावं लागायचं.

२०१९ ला वाहन उद्योगात मंदी आली आणि पार्टीच्या मागणीचं शेड्यूल निम्म्यावर आलं. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, गाड्या जागेवर थांबल्या. पाठोपाठ मार्च २०२० चा लॉकडाऊन. या पार्टीचं पेमेंट ६० दिवसांवरून ९० वर, तिथून १५० वर गेलं. आमचे ११ लाखांवर अडकले. सीएनसीचा हप्ता, गाळ्याचं भाडं, पगार काही थांबत नव्हतं. बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून पगार केले, पण एकाही माणसाला घरी बसवलं नाही. त्याच काळात पार्टीच्या परचेस (खरेदी) विभागातून फोन आला की ऑडिट आहे, फिक्श्चर चार दिवस प्लँटला पाठवा. परतीचं चलन (माल परत यायचा आहे असा कागद) करून, त्यावर त्यांचा शिक्का घेऊन मी पाठवलं.

ते परत आलं नाही. महिन्याभराने ते दुसऱ्या एका शेडमध्ये चालताना सापडलं. बेस प्लेटवर आमची खूण पंच केलेली होती, त्यामुळे ओळखायला अडचण नव्हती. ती शेड आमच्याकडेच सेटिंग शिकलेल्या मुलाची. आमचा रेट नगाला ४२ रुपये होता, त्याने ३१ ला काम घेतलं होतं. हिशेब कोणीही करावा. लोडिंग धरून चार मिनिटांचा जॉब, मशिनचा तास ४०० रुपयांचा धरला तर मशिनचेच २६-२७ रुपये झाले. इन्सर्ट (कापणारं पातं), डिबरिंग (कडा साफ करणं), इन्स्पेक्शन, टेम्पो अजून बाकी. ज्याने फिक्श्चरवर एक रुपया घातला नाही आणि ट्रायलचे नग भंगारात टाकले नाहीत, त्यालाच हा रेट जमतो. मी त्याच्या दारात जाऊन हे सांगितलं. तो म्हणाला, ‘साहेब, मला पार्टीने दिलंय.’

मी एमएसएमई समाधान या, लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. २००६ च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट आहे, लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. नोटीस गेल्यावर जी पार्टी फोन उचलत नव्हती ती बोलायला आली. मुद्दल हप्त्याहप्त्याने मिळालं, व्याज सोडावं लागलं. काम कायमचं गेलं.

त्या काळात आम्हाला उभं ठेवलं ते करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्या आबांनी. उद्यमनगरात आलो तेव्हा पहिला जॉब त्यांचाच, चरकाच्या (ऊस पिळायच्या यंत्राच्या) रोलरचा. सीझन संपला की रोलर यायचे, झिजलेले दात परत पाडायचे, गनमेटलचे बुश बदलायचे, दिवाळीच्या आत परत द्यायचे. आबांनी कधी भाव केला नाही आणि माल नेताना उधारी ठेवली नाही. दात किती खोल हवेत हे मला त्यांनी शिकवलं. खोल गेले तर चिपाड अडकतं, उथळ राहिले तर ऊस घसरतो. लॉकडाऊन शिथिल झाल्यावर ते स्वतः आले, कामाचे पैसे आधीच ठेवले आणि ओळखीच्या गुऱ्हाळांचे रोलर पाठवायला लागले. ज्या लेथला आमची पोरं जुना म्हणून हसायची, त्याच लेथने ते वर्ष काढलं. शिरोलीची शेड त्यानंतरची.

म्हणून नव्यांना माझं सांगणं आहे. पहिलं बिल फाडायच्या आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करा. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. माझं उद्योग आधार (उद्यमच्या आधीची नोंदणी) आधीपासून होतं म्हणून माझी तक्रार उभी राहिली. कास्टिंग येताना आणि जाताना चलन हवंच. जीएसटीत जॉबवर्कचा (पार्टीकडून काम करायला आलेला) माल एका वर्षात परत गेला पाहिजे, त्यात ब्लोहोलचे नगही आले, ते चलनावर वेगळे दाखवा. पर्चेस ऑर्डरवर तीन गोष्टी लिहून घ्या: पेमेंटचे दिवस, मटेरियल रिजेक्शन कोणाचं, आणि फिक्श्चर कोणाचं. २०२३-२४ पासून आयकरातही नियम आलाय, वेळेत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. त्यामुळे मोठ्या पार्ट्या आता स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट मागतात. आणि एका पार्टीला एक तृतीयांशाहून जास्त मशिन तास देऊ नका, ती कितीही मोठी असो.

त्या फिक्श्चरबद्दल अजून कोणी कोणी बोलतं की ते पार्टीचंच होतं. मूळ ड्रॉइंग माझ्या केबिनमध्ये आहे, माझ्या हाताचं, तारखेसह. हार्डनिंगचं बिल आहे, परतीच्या चलनावर त्यांचा शिक्का आहे. ज्याला शंका आहे त्याने शिरोलीला यावं, मी तिन्ही कागद टेबलावर ठेवतो.