भाच्याला फिजिक्स करायचंय

भाचा बारावीला आहे, ताई-भावोजी इंदूरला सुदामा नगरात राहतात, आणि सध्या त्या घरात दुसरा विषयच नाही. पोराला इंजिनिअरिंग नको, फिजिक्स करायचंय. ताईचा फोन आला की तूच समजाव त्याला, आणि वर हेही ऐकवलंन की तू काय दिवे लावलेस त्या फिजिक्समध्ये, बसलीस ना बँकेत! बरोबर आहे तिचं. होळकर कॉलेजमधून एमएससी फिजिक्स करून मी आज होम लोनच्या फायली बघते. पण म्हणून त्याला नको म्हणायचं हे काही पटत नाही, आणि डोळे झाकून हो पण म्हणवत नाही.

रात्री दोन-दोनपर्यंत ब्लॅक होलचे व्हिडिओ बघतो, हे ताईने फार कौतुकाने सांगितलं, मला त्याचं विशेष नाही वाटलं. ते सगळ्यांनाच आवडतं, आमच्या मॅनेजर साहेबांनाही आवडतं. बीएससीच्या पहिल्या वर्षाला ब्लॅक होल नसतं, व्हेक्टर कॅलक्युलस असतं, डिफरन्शियल इक्वेशन्स असतात आणि ही जाडजूड प्रॅक्टिकल फाइल.

मग त्याने गच्चीवर काय मांडून ठेवलंय ते बघितलं. कपडे वाळत घालायच्या दांडीला दोरा, दोऱ्याला एक जुनं कुलूप, आणि मोबाईलवर वीस झोक्यांचा वेळ मोजून राहिलेला. जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढत होता. उत्तर दर वेळी ९.६. शाळेत काय करतात सगळे, तर ९.८ यायला पाहिजे हे माहीतच असतं, उलटं गणित करून रीडिंग भरून टाकतात, अख्ख्या वर्गाच्या फायली सारख्या. हा बसला शोधत. आधी वाटलं स्टॉपवॉच दाबायला उशीर होतोय, म्हणून वीसच्या जागी पन्नास झोके मोजले, तरी तेच. मोठ्या झोक्याला वेळ किंचित जास्त लागतो म्हणून झोका लहान केला, तरी तेच. शेवटी सापडलं. लांबी तो दोऱ्याच्या गाठीपर्यंत मोजत होता आणि कुलपाचं खरं वजन त्याच्या तीनेक सेंटीमीटर खाली. दीड मीटरला तीन सेंटीमीटर म्हणजे दोन टक्के, आणि ९.८ चे दोन टक्के म्हणजे जवळपास ०.२. हिशोब चोख! त्यात त्याचं कोचिंग बुडलं, ताई भडकली, पण माझं मत तिथेच बनलं. या असल्या तीन सेंटीमीटरसाठी ज्याला संध्याकाळ घालवावीशी वाटते त्याने खुशाल जावं.

आता ताईची बाजू, कारण ती काही वेडी नाही. बीएससीची तीन किंवा आता चार वर्षं, मग एमएससी, मग पीएचडीची पाच तरी धरा. नेट जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, निघाली तर महिना ३७,००० मिळतात, पण ते एमएससीनंतर, आणि तोवर शेजारचा बीटेक कारचे पेढे वाटून गेलेला असतो. मधल्या वर्षांत घराला याच्या पगाराची गरज पडणार आहे का, हे घरात कोणी मोकळेपणाने विचारत नाही. आमच्याकडे पडली होती, म्हणून मी बँकेची परीक्षा दिली, फिजिक्सचा त्यात काही दोष नाही. भावोजींची नोकरी आहे अजून, डोक्यावर कर्ज नाही, मग अडतंय कुठे?

आणि इंदूरला राहून "फिजिक्सवाले पुढे करतात काय" असं विचारायचं म्हणजे कमालच आहे. राजेंद्र नगरच्या पुढे कॅट आहे, अणुऊर्जा खात्याची संशोधन संस्था (राजा रामण्णांचं नाव देऊन कितीतरी वर्षं झाली, आपल्या तोंडी कॅटच), तिथे इंडस-२ नावाची १७२.५ मीटर घेराची रिंग आहे. इलेक्ट्रॉन २.५ जीईव्ही ऊर्जेपर्यंत नेऊन त्यात फिरवत ठेवतात, आणि वळताना ते जे एक्स-रे सोडतात त्यावर देशभरातले लोक येऊन आपापली सॅम्पलं तपासतात. आत हवा राहिली तर इलेक्ट्रॉन तिच्यावर आपटून वाया जातात, मग व्हॅक्यूम सांभाळणारे वेगळे, मॅग्नेट जागच्या जागी बसवणारे वेगळे. सगळे तीन सेंटीमीटरवाले, फक्त यांचं मिलिमीटरच्याही खाली चालतं.

भावोजींचा तोडगा असा की आधी इंजिनिअरिंग कर, मग कर काय ते फिजिक्स. दार बंद नसतं हे खरं, जेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअर मुलंही फिजिक्सच्या पीएचडीला जातात. पण चार वर्षांनी हातात नोकरीचं ऑफर लेटर असताना क्वांटम मेकॅनिक्स उघडून बसणारे किती, मी तरी फार बघितले नाहीत.

माझं मत भोपाळच्या आयसरला, म्हणजे सायन्स शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, पाच वर्षांचं बीएस-एमएस. नाहीच झालं तर होळकर आहेच, १८९१ पासून उभं आहे, घरून जाता येतं, आणि बोर्डात वरच्या एक टक्क्यात आला तर इन्स्पायर या सरकारी स्कॉलरशिपचे वर्षाला ८०,००० मिळू शकतात. जेईई पण देऊ दे, ताईला तेवढंच बरं वाटेल.

घोळ एकच, आयसरच्या परीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न बायोलॉजीचे असतात आणि याने ती दहावीनंतर सोडली. "मावशी, बेडकाचं पचन वाचायला मी फिजिक्स घेतोय का?" म्हणे. एनसीईआरटीची दोन्ही पुस्तकं आणून दिलीत, रविवारी पेशीविभाजन घ्यायचंय, आणि मला त्यातलं ओ की ठो आठवत नाही.