दुखत नाही म्हणून
"अगं दुखत नाहीये ना, मग दिवाळीनंतर बघू की." काका आज डॉक्टरांसमोरच बोलले हे. नजरेच्या कडेने काळी सावली येतेय हे इतके दिवस घरात कुणाला सांगितलंच नव्हतं त्यांनी.

त्यांची रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला उजेड टिपणारा पडदा, सुटायला लागलीय, आणि ती सुटताना दुखतच नाही हो! तिच्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा थर असतो, डोळ्यातलं बहुतेक रक्त तिथूनच वाहतं आणि उजेड टिपणाऱ्या पेशींना ऑक्सिजनही तिथूनच मिळतो, रेटिना सुटली की त्या पेशी रक्तापासून लांब जातात आणि उपाशी मरायला लागतात.

आपण ज्याने वाचतो त्या रेटिनाच्या मधल्या भागाच्या केंद्रात तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. काकांचा तो भाग अजून शाबूत आहे, म्हणून उद्याच ऑपरेशन.

अचानक चमका, तरंगणारे काळे ठिपके, कडेची सावली... तुमच्या घरातली मोठी माणसं सांगतात का असलं काही?