खापरपणजोबांची ऐंशी एकर जमीन

माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांबद्दल सासरी फार थोडं ठाऊक होतं. स्वीडनहून अमेरिकेत आले, नेब्रास्का राज्यातल्या पोल्क काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) जमीन धरली आणि तरणेताठे असतानाच वारले. शिवाय १६० एकरांपैकी अर्धी जमीन सावकाराने गिळली, ही गोष्ट दर नाताळच्या जेवणात निघायची. सासूबाईंना ते खरं की खोटं हे डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं, म्हणून मी हे काम अंगावर घेतलं. माझे बाबा बार्शीकडे तलाठी होते. फेरफार, बोजा, वारसनोंद हे शब्द ऐकतच मी मोठी झाले.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर जुनी लँड पेटंट्स फुकट पाहता येतात. पेटंट म्हणजे सरकारी जमीन पहिल्यांदा खाजगी माणसाच्या नावावर झाल्याची सनद. नाव टाकलं, तर त्याच नावाचे ढीगभर स्वीडिश शेतकरी समोर आले. त्या काळी बापाच्या नावाला ‘सन’ लावला की आडनाव तयार, आणि कारकून ते कानाला येईल तसं लिहायचे. आमचे खापरपणजोबा त्यात नव्हतेच.

फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “नावाच्या मागे लागू नकोस गं. आधी गट नंबर काढ. माणसाचं नाव चुकतं, जमीन कुठं जाते?”

म्हणून उलट्या बाजूने निघाले. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात खरेदीखतांची सूची दोन बाजूंनी असते: देणाऱ्याच्या नावाने आणि घेणाऱ्याच्या नावाने. पणजोबांचं, म्हणजे पुढच्या पिढीचं आडनाव एव्हाना पक्कं झालं होतं. घेणाऱ्यांच्या सूचीत ते सापडलं आणि १९०३ सालच्या एका दस्तात जमिनीचं पूर्ण वर्णन मिळालं. इथली मोजणी समजायला सोपी आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद तुकडा म्हणजे टाउनशिप. त्यात एकेका चौरस मैलाचे ३६ सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. ‘अमुक सेक्शनच्या वायव्य चतुर्थांशाचा उत्तर अर्धा भाग’ असं लिहिलं की ८० एकर नेमके कुठले ते कळतं.

ते वर्णन संकेतस्थळावर टाकलं आणि पेटंट निघालं. साल १८८०, नाव खापरपणजीचं, पुढे ‘अमक्याची विधवा’. नवऱ्याच्या घरात या बाईंचं पहिलं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

लिंकन यांनी १८६२ मध्ये सही केलेल्या होमस्टेड कायद्याने जमीन जवळपास फुकट मिळे, पण तिथे पाच वर्षं राहून, घर बांधून, शेत कसून ते दोन साक्षीदारांनिशी सिद्ध करावं लागे. पाच वर्षं झाल्यावर पुरावा द्यायला आणखी दोन वर्षांची मुदत असे. दावेदार मेला, तर विधवेला तो पुरा करता येई. या प्रत्येक दाव्याची फाइल राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. नेब्रास्काच्या फाइली स्कॅन झाल्या असून बीट्रिस गावाजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात त्या विनामूल्य पाहता येतात. मी तिथेच जाऊन पाहिली.

अर्ज १८७२चा, खापरपणजोबांच्या सहीचा. नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केल्याची नक्कल सोबत होती, ती इलिनॉयमधल्या गेल्सबर्गची. म्हणजे नेब्रास्काच्या आधी हे कुटुंब तिथे होतं, ही घरात नवी बातमी. आणि मग १८७९च्या शरदातली खापरपणजीची जबानी. छापील प्रश्न, हाताने लिहिलेली उत्तरं. घर गवताळ मातीच्या ढेपांचं, १४ बाय २० फूट, एक दार, दोन खिडक्या. विहीर आहे. ३५ एकर नांगरून लागवडीखाली आणले, सात हंगाम पीक घेतलं. पती १८७७ मध्ये वारले. मुलं पाच. खाली तिच्या नावाच्या मधोमध फुली आणि ‘तिची खूण’. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, ती मी बाबांच्या दप्तरात पाहिली होती. फुलीवर बराच वेळ बोट ठेवून बसले.

जबानीत आणखी एक ओळ होती: १८७४-७५च्या हिवाळ्यात कुटुंब जमिनीवर नव्हतं. कारण, टोळ. १८७४च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडच्या टोळांनी नेब्रास्का, कॅन्सस उजाड केलं. तेव्हा पीक गेलेल्यांना हक्क न गमावता काही महिने बाहेर राहण्याची मुभा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून दिली. ती सवलत नसती तर ही जमीन हातची गेली असती.

आणि सावकार? फाइलभर त्याचा पत्ता नाही. अर्ज पहिल्यापासून ८० एकरांचाच. युनियन पॅसिफिक रेल्वेला सरकारने रुळांच्या दोन्ही अंगांना वीस-वीस मैलांपर्यंतचे विषम क्रमांकांचे सेक्शन देऊन टाकले होते. सम क्रमांकांचे सरकारकडे उरले, पण रेल्वेलगतची जमीन दुप्पट मोलाची धरून तिथे साध्या वसाहतदाराला ८० एकरच देत. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांना तेवढे १६०. ही अट १८७९ मध्ये सैल झाली. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे तिने काहीच घालवलं नाही.” नाही. तिने सगळं राखलं.

फाइलमध्ये ही जमीन ‘सार्वजनिक’ म्हटली आहे. पण प्लॅट नदीच्या दक्षिणेकडचा हा मुलूख पॉनी या मूळनिवासी जमातीचा होता आणि १८३३च्या तहात तो त्यांच्याकडून घेतला गेला. खापरपणजी मातीच्या घरात राहत होती त्याच वर्षांत, जवळच्या लूप नदीवरची आपली राखीव वस्तीही सोडून पॉनींना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. सासरच्यांसाठी मी टिपण केलं, त्यात पहिली नोंद हीच ठेवली. मालकीची साखळी लिहायची तर पहिली कडी गाळून चालत नाही.

१९०३चा दस्त मी घरी येऊन पुन्हा वाचला. खापरपणजी गेल्यावर चार भावंडांनी आपापले हिस्से थोरल्याला लिहून दिले होते, त्यांच्या जोडीदारांच्या सह्यांसकट. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रासारखाच तो. धाकट्या मुलीच्या नावापुढे सासरचं आडनाव आणि ठिकाण ऑरेगन राज्यातलं. ती लग्नानंतर कुठे गेली, हे घरात कुणालाही सांगता येत नव्हतं. आता तिचा शोध त्या काउंटीच्या सूचीत, घेणाऱ्यांच्या बाजूने सुरू केला आहे.