जागा आहेस का?

काल रात्री दीड वाजता धाकट्या भावाला मेसेज टाकायला घेतला, "जागा आ" एवढंच टाइप झालं होतं आणि फोनने लगेच वर पर्याय दाखवले, जागा आहे, जागा आहेत, जागा आणि. मला हवं होतं "जागा आहेस का?" फोनला वाटलं मी खोली नाहीतर प्लॉट शोधतेय, आणि त्याची तरी काय चूक, दोन्ही शब्द अक्षराला अक्षर सारखेच. मेसेज पाठवला, उत्तर आलं नाही, म्हटलं झोपला असेल. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना आणि तीन वाजेपर्यंत मीच जागी.

खरं तर या दोन जागांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. जागरण, जागृत यांच्या घरातला जागा संस्कृतच्या जागृ धातूवरून आलेला, आणि बसायची-राहायची जागा आली फारसीतून, ईदगाहमधलं जे गाह आहे ना तेच तिच्यातही आहे. व्याकरणही वेगळं. पहिला माणसाप्रमाणे बदलतो, तो जागा, ती जागी, ते जागे, आणि दुसरी ढिम्म हलत नाही, एक जागा, दहा जागा. आणि मग "जागी"पाशी येऊन दोघं परत भेटतात, म्हणजे "ती जागीच होती" हे वाक्य नुसतं कागदावर वाचलं तर ती झोपली नव्हती की तिथून हलली नव्हती हे शेजारचं वाक्य वाचल्याशिवाय सांगताच येत नाही. मला हे फार आवडतं.

आता दिवसभरात आपण हा शब्द किती वेळा वापरतो बघा. ऑफिसात कोणाला भेटायला जा, साहेब जागेवर नाहीत. भरती निघाली की जागा निघाल्या, निवडणूक आली की जागावाटप, विधानसभेच्या २८८ जागा. फोनमध्ये जागा नाही, संशयाला जागा नाही, तुझ्या जागी मी असते तर, त्याला त्याची जागा दाखवली, अपघातात माणूस जागच्या जागी गेला, दुखरी जागा, नाजूक जागा. एकच शब्द पण खुर्ची, नोकरी, लायकी, अंगाचा भाग, सगळं त्यात बसतं. आणि नीट बघितलं तर यातली कुठलीच जागा नुसती मोकळी नाहीये, प्रत्येकीवर कोणाचा ना कोणाचा हक्क आहे, कोणीतरी तिथे आहे, होतं किंवा येणार आहे. अगदी शाळेतलं "गाळलेल्या जागा भरा" सुद्धा घ्या, तिथे आधी एक शब्द होता, तो कोणीतरी काढून घेतलाय म्हणून ती जागा.

म्हणूनच मला वाटतं स्पेस हा शब्द आपण घेतला ते बरंच झालं, त्याबद्दल नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. "मला जागा दे" म्हणजे जरा सरक. "मला स्पेस दे" म्हणजे जरा लांब जा, पण जाऊ नकोस. हे दुसरं सांगायला जागा पुरत नाही.

आपला स्वतःचा त्यातल्या त्यात जवळचा शब्द म्हणजे अवकाश, आणि त्याची गंमत अशी की तो वेळेलाही चालतो. "गाडीला अजून अवकाश आहे" म्हणतो तेव्हा वेळ, अवकाशयान म्हणतो तेव्हा थेट पृथ्वीबाहेर, आणि हिंदीत तोच शब्द सुट्टी होतो. मोकळा वेळ आणि मोकळी जागा आपल्या आधीच्या लोकांना एकाच शब्दात दिसली. आणि आकाशाबद्दल तर न्याय-वैशेषिक या जुन्या दर्शनांत सांगितलंय की पंचमहाभूतांतला आकाशाचा खास गुण म्हणजे शब्द, म्हणजे ध्वनी. पृथ्वीचा गंध तसा आकाशाचा आवाज. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गाण्याचा क्लास आठवला.

कारण जागेचा सगळ्यात सुंदर अर्थ गाण्यातच आहे. गाणारा एखाद्या शब्दावर येतो, आणि सरळ पुढे न जाता तिथेच एक छोटं वळण घेतो, एखादी मुरकी, एखादा न ऐकलेला स्वर, दोन-तीन सेकंदांचं काम, आणि ऐकणारा म्हणतो, काय जागा घेतली! मी शिकत होते तेव्हा मला जागांचं वेडच लागलं होतं. एकही शब्द सोडायचे नाही, प्रत्येकावर काहीतरी. एकदा आमच्या बाईंनी तबला थांबवला आणि म्हणाल्या, "अगं, सगळीकडे तूच जागा घेतेस, मग ऐकणाऱ्याला कुठे जागा?" मग त्यांनी मला नुसतं हाताने तीनताल धरायला लावलं. १६ मात्रा, पहिली, पाचवी, तेरावीला टाळी, आणि नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता हवेत उलटा करायचा. ती खाली. त्या भागात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा निघून जातो, धिन धिनचं तिन तिन होतं, आणि तो निघून जातो म्हणूनच परत येतो तेव्हा आता सम, म्हणजे पहिली मात्रा, येणार हे आतून कळतं. नंतर तीच ओळ सरळ गायला लावली, आणि शेवटच्या शब्दाआधी दोन मात्रा गप्प. पहिल्यांदा त्या दोन मात्रा मला संपता संपेनात, मागे फक्त तानपुरा. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "ही बघ जागा."

घेणं, धरणं, अडवणं, भरणं, दाखवणं, देणं, सोडणं, जागेला ही सगळी क्रियापदं लागतात आणि यातलं सोडणं मला अजूनही नीट जमत नाही.

आमच्याकडे टेबलाभोवती सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, कोणी ठरवल्या नाहीत, झाल्या. खिडकीजवळची बाबांची. त्यांना जाऊन चार वर्षं होतील, त्या खुर्चीवर कोणी बसत नाही, तसं कोणी म्हटलेलंही नाही. परवा भावाचा मुलगा, साडेतीन वर्षांचा, त्याच खुर्चीवर पोटावर लोळत चढला, पाय लटकवून बसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी उठलेच होते त्याला उचलायला. आई म्हणाली, "बसू दे गं, जागाच आहे ती." मी भावाकडे बघितलं, तो खाली बघत होता. मग सगळे परत बोलायला लागले.

रात्री तेच त्याला विचारायचं होतं, तुला काय वाटलं म्हणून.

सकाळी उत्तर आलं. "जागाच होतो गं."