तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोरी आल्याच कशा?

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला मुला-मुलींकडे आलेले मराठी आईवडील बंदरावरचं पिअर २१ हे स्थलांतराचं संग्रहालय पाहायला येतात. मराठीतून माहिती सांगणारी म्हणून ते माझ्या वाट्याला येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धवधूंच्या, म्हणजे युरोपात कॅनडाच्या शिपायांशी लग्न करून इकडे आलेल्या मुलींच्या, फोटोंपाशी पोचलो की प्रश्न ठरलेला. साताऱ्याच्या एका काकूंनी तो रोखठोकच विचारला, "काय गं, नाचात भेटलेल्या शिपायामागं ह्या पोरी सातासमुद्रापार आल्याच कशा? घरच्यांनी सोडलंच कसं?"

काकू, एका नाचावर भागलं नव्हतं हो. कॅनडाची पहिली तुकडी डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये उतरली आणि तिथंच अडकून बसली. ऑगस्ट १९४२ ची फ्रान्सच्या किनाऱ्यावरची दिएपची चढाई सोडली, तर १९४३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावर उतरेपर्यंत मोठी लढाई नाही, आणि बऱ्याच जणांना तर जून १९४४ च्या फ्रान्सातल्या नॉर्मंडीच्या चढाईपर्यंत थांबावं लागलं. तोवर काय, दक्षिण इंग्लंडात कवायत, चिखल आणि कंटाळा. पोरं गावातल्या घरांत मुक्कामाला असायची. आज संध्याकाळी चहाला आलेला पोरगा पुढच्या महिन्यात कोळसा आत आणून टाकायचा, धाकट्या भावाशी पत्ते खेळायचा. पहिलं लग्न जानेवारी १९४० मध्येच लागलं, पण पुढची कित्येक लग्नं अशी निवांत जमली. त्यातही वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागायचीच.

म्हणजे माणूस चांगला पारखलेला होता. ठाऊक नव्हता तो त्याचा मुलूख. आपल्या आज्यांचं नेमकं उलट होतं, सासरचं गाव चार कोसांवर, पण नवऱ्याचा चेहरा अंतरपाट दूर झाल्यावर दिसायचा.

आणि यांचं सासर शोधायचं तरी कुठं? नवरा "आमचं शेत आहे" म्हणायचा, ते खोटं नसायचं. फक्त शेजारचं घर कित्येक मैलांवर, दिवे रॉकेलचे, पाणी विहिरीचं आणि संडास बर्फातून चालत जाण्याइतका लांब, हे सांगायचं राहून जायचं. लंडनच्या पोरीला हे कळायचं ते स्टेशनावर उतरल्यावर.

सोडलं कसं, याचं उत्तर मला जास्त आवडतं, कारण त्यात प्रेमापेक्षा कारकुनी जास्त आहे. कॅनडाच्या सैन्याने ऑगस्ट १९४४ मध्ये लंडनला या बायकांसाठी खास कचेरीच उघडली. जहाजाचं आणि पुढच्या रेल्वेचं भाडं सरकारने भरलं. आकडा आहे ४३,४५४ बायका आणि २०,९९७ मुलं, त्यातल्या बहुतेक ब्रिटिश. १० फेब्रुवारी १९४६ ला 'मॉरेटानिया' जहाज याच धक्क्याला लागलं आणि मग रीघच लागली. इंग्लंडात वर्षानुवर्षं युद्धकाळातला भुरकट पाव खाल्लेल्या या बायकांना जहाजावर पांढराशुभ्र पाव दिसला. आठवणी सांगताना नवऱ्याच्या भेटीआधी हा पाव येतो, हे मी पुन्हा पुन्हा वाचलंय. दोऱ्यांवर वाळणारे लंगोट, समुद्र लागलेल्या आया आणि रडणारी बाळं हेही त्यात येतंच. धक्क्यालगत आगगाडी उभी असायची. व्हँकुव्हरकडे जाणारीला अजून चार-पाच दिवस गाडीतच काढायचे होते.

यावर काकूंचा दुसरा प्रश्न, "मग पस्तावल्या का?" काही जणी परतल्या. बहुतेक राहिल्या, काही सुखाने आणि काही नाइलाजाने. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्याबरोबर आलेल्या काही बाळांना म्हातारपणी पासपोर्टसाठी अर्ज करताना कळलं की कागदोपत्री आपण कॅनडाचे नागरिकच नाही. ज्या सरकारने भाडं भरून आणलं, त्याच्याच नागरिकत्वाच्या कायद्यातल्या अटींत ते अडकले होते. एप्रिल २००९ मध्ये कायदा बदलला आणि बऱ्याच जणांचा प्रश्न सुटला, पण सगळ्यांचा नाही. उरलेल्यांना २०१५ पर्यंत वाट पाहावी लागली.