कॉन मार्टिन आणि अडवून ठेवलेले पदक

आयर्लंडमध्ये फुटबॉल म्हटले की कोणता, असे विचारावे लागते. एक जगभर खेळला जातो तो सॉकर आणि दुसरा तिथला स्वतःचा गेलिक फुटबॉल, ज्यात एका संघात पंधरा खेळाडू असतात, चेंडू हातात झेलता येतो, आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन आणि दांडीवरून गेला तर सहसा एक गुण मिळतो. हे दोन्ही खेळ वरच्या दर्जावर खेळलेल्या मोजक्या खेळाडूंमध्ये मला सर्वांत जवळचे वाटतात ते कॉन मार्टिन. हंगेरीने 1953 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 असे हरवले ते आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ असते, पण त्याच्या चार वर्षे आधी आयर्लंडनेही इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवले होते आणि त्यात गोल करणाऱ्या मार्टिन यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

मार्टिन यांचा जन्म 1923 मध्ये डब्लिन परगण्यातल्या रश या गावी झाला. पुढे ते आयरिश हवाई दलात होते. 1941 मध्ये लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद मिळवणाऱ्या डब्लिनच्या गेलिक संघातून ते खेळले. परंतु ड्रमकोन्ड्रा क्लबकडून सॉकरही खेळत असल्याचे उघड होताच त्यांना गेलिक खेळांच्या संघटनेबाहेर काढण्यात आले आणि त्यांचे पदक अडवून ठेवले गेले. 1884 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा नियमच तसा होता: सॉकर, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट हे ‘परके’ खेळ, ते सदस्याने खेळायचे नाहीत आणि पाहायलाही जायचे नाही. इंग्रजी सत्तेखाली दबलेल्या समाजाला आपले खेळ टिकवण्यासाठी अशी कुंपणे घालावीशी वाटली, हे मी समजू शकतो. मात्र देश स्वतंत्र झाल्यावरही ती कायम राहिली. 1938 मध्ये तर राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड पोलंडविरुद्धचा सॉकर सामना पाहायला गेले म्हणून संघटनेने त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले, आणि हे तेच हाइड, ज्यांनी आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचले होते!

गेलिक मैदानाने मार्टिन यांना जे दिले, ते मात्र कोणाला काढून घेता आले नाही. जून 1946 मध्ये लिस्बनमध्ये पोर्तुगालविरुद्ध त्यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले ते बदली गोलरक्षक म्हणून. आठवड्याभरात माद्रिदमध्ये तेच गोलात उभे राहिले आणि आयर्लंडने स्पेनला 1-0 असे हरवले. एरवी बचावफळीत खेळणारा माणूस उंच आलेला चेंडू गर्दीतून अचूक झेलतो, यामागे मला गेलिक फुटबॉलचीच तालीम दिसते. पुढे इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेड क्लबमार्गे ते अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेले, आणि तिथेही 1951-52 च्या हंगामात 27 सामन्यांत त्यांनी गोल राखला.

21 सप्टेंबर 1949 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर आयर्लंडने इंग्लंडला 2-0 असे नमवले. पहिला गोल मार्टिन यांनी पेनल्टीवर केला, दुसरा पीटर फॅरेल यांनी. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संघांखेरीज कुणी इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवण्याची ती पहिली वेळ होती. परका खेळ खेळतो म्हणून ज्याला दूर लोटले, त्यानेच इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवायला हातभार लावला. याहून मोठी देशसेवा त्या नियमाला आणखी कोणती हवी होती?

त्या काळी दक्षिणेकडचा स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनकडे राहिलेला उत्तर आयर्लंड, या दोन्हींच्या सॉकर संघटना बेटावरच्या सगळ्या खेळाडूंवर हक्क सांगत, त्यामुळे 1950 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत मार्टिन दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून, अशा दोन्ही संघांतून खेळले. दक्षिणेकडून ते 30 सामने खेळले, उत्तरेकडून 6. व्हिला सोडल्यावर 1956 मध्ये ते वॉटरफर्ड संघाचे खेळाडू-व्यवस्थापक झाले. त्यांचा मुलगा मिक मार्टिनही मँचेस्टर युनायटेड आणि आयर्लंडकडून खेळला.

बंदी उठली ती 1971 मध्ये, बेलफास्टच्या अधिवेशनात. त्यानंतर मार्टिन यांना 1941 चे पदक मिळाले, तेव्हा ते अठ्ठेचाळिशीच्या आसपास होते. बंदी उठल्यावर सात वर्षांनी डब्लिनचे गेलिक खेळाडू केव्हिन मोरन यांनी मँचेस्टर युनायटेडशी करार केला आणि त्याच वर्षी डब्लिनमधल्या क्रोक पार्क या गेलिक मैदानावर डब्लिनकडून ऑल-आयर्लंड या राष्ट्रीय गेलिक स्पर्धेचा अंतिम सामनाही खेळले. डब्लिन केरी परगण्याच्या संघाकडून हरले, पण मोरन यांना कोणीही संघटनेबाहेर काढले नाही.