एकशे चव्वेचाळीस हात

नगर जिल्ह्यातल्या गावांत घरोघरी जाऊन कॅन्सरच्या पेशंटची शुश्रूषा करणं हे माझं काम. त्या मंगळवारी यादीत तिसरं नाव एका गवंड्याचं होतं. गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, तरी पुन्हा उलटलेला. आता बरं होण्यासाठी काही उरलं नव्हतं, दुखणं कमी करण्यासाठी मात्र पुष्कळ होतं.

“सलाम, सिस्टर,” त्यांच्या बायकोने, मामींनी, दारातूनच म्हटलं. आमच्या ख्रिस्ती घरांतून अजून सलामच चालतो.

घर म्हणजे पत्र्याची एक खोली. तिला लागूनच काळ्या दगडाचं एक जोतं, सांधे नीट भरलेलं, कोपरे काटकोनात. त्यावर गवत माजलेलं आणि एका कडेला रुई. मामांनी तीस वर्षं पुण्यात लोकांचे बंगले उभे केले. स्वतःचं घर जोत्यापर्यंत आलं आणि तोंडात गाठ निघाली. विटांचे पैसे दवाखान्यात गेले.

आधी ड्रेसिंग घेतलं. जखम गालातून आरपार होती. अशा जखमेला वास येतो, आणि दुखण्याइतकाच त्या वासाचा त्रास असतो, कारण माणसं जवळ बसेनाशी होतात. मामी रोज मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या खलबत्त्यात बारीक कुटून ती पूड जखमेवर भुरभुरत होत्या. वास जवळजवळ गेला होता. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून द्यायची, तीही त्यांनी एकदा चुकवली नव्हती. या बाईला अक्षर वाचता येत नाही. वेळ चुकू नये म्हणून त्यांनी घड्याळावर कुंकवाच्या पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

मामांना बोलता येत नव्हतं. नातवाची पाटी उशाशी असे. ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं. ओळ अगदी दोरी लावल्यासारखी सरळ होती.

“अनुवाद २८. घर बांधशील पण त्यात राहणार नाहीस. तो शाप मला लागला का?”

अनुवाद हे बायबलमधलं एक पुस्तक. रविवारच्या शब्बाथ शाळेत लहानपणी ऐकलेलं त्यातलं वचन एवढी वर्षं आत बसून होतं. माझ्या तोंडून पटकन काही निघेना. मग मी सवयीने बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला, एकविसावा अध्याय काढला. प्रत्येक घरी मी तेच वाचते. “तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील.” मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माझं चुकलं होतं. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना थोपटत होते.

चुलीपाशी बसलेल्या मामी म्हणाल्या, “सिस्टर, ते दुसरं वाचा ना. घरं बांधून त्यात राहतील म्हणतात ते. पाळकसाहेबांनी वाचलं होतं.”

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला पासष्टावा अध्याय. मी पानं चाळली. “पाहा, मी नवे आकाश व नवी पृथ्वी निर्माण करतो” इथून सुरुवात केली आणि एकविसाव्या वचनाला आले. लोक घरे बांधतील आणि त्यांत राहतील. बाविसाव्यात पुन्हा तेच, अधिक ठासून: एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने राहायचं, असं आता व्हायचं नाही.

मी थांबले. अनुवादातला तो शाप इथे शब्दाला शब्द परतवलेला होता. हा अध्याय मी किती वेळा वाचला असेन, पण हे कधी दिसलं नव्हतं. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने ख्रिस्तपूर्व ५८६च्या सुमारास यरुशलेम पाडलं, लोकांना घरंदारं सोडून बंदिवासात नेलं. ज्यांनी भिंती उभ्या केल्या ते परक्या मुलखात आणि घरात दुसरेच, हे त्या लोकांनी खरोखर भोगलं होतं. देवाने त्यांना वचन दिलं ते घराचंच.

मामांनी बोटाने खूण केली. पुन्हा. मी पुन्हा वाचलं. मग पाटीवर एकच शब्द आला: “कुठे?”

इथे मला बोलता आलं. मी म्हटलं, “मामा, आपण सगळे म्हणतो, वर जायचं. पण प्रकटीकरणात ते नगर वरून खाली उतरतं. नव्या पृथ्वीवर. देव माणसांत राहायला येतो.” आणि मघाचाच एकविसावा अध्याय पुढे वाचत गेले, कारण आता तो ऐकणारा गवंडी होता हे माझ्या ध्यानात आलं होतं. देवदूत सोन्याचा बोरू, म्हणजे मोजायची काठी, घेऊन नगराचं माप घेतो. लांबी, रुंदी, उंची सारखी. तटाला पाये बारा. आणि तट एकशे चव्वेचाळीस हात.

मामा उठून बसले. पेन्सिल घेतली आणि पाटीवर मांडलं: १४४ × १॥ = २१६ फूट. गवंड्याचा हात दीड फुटाचा. त्याखाली “पाये १२” लिहून त्याभोवती गोल केला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. मी धास्तावून सक्शनचं यंत्र घेतलं. मामी म्हणाल्या, “राहू द्या. हसतायत ते.”

मी आधी दहा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात होते. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, सबंध सृष्टी कण्हत आहे. मूळ ग्रीकमध्ये ती वेणांची वेदना आहे. बाळंतिणीचं आणि मरणाऱ्याचं, दोन्ही तऱ्हेचं कण्हणं मी ऐकलंय आणि डोळे बंद करून ते वेगळं ओळखता येत नाही. फरक एवढाच की बाळंतिणीला पुढे काय येणार ते ठाऊक असतं. त्या दुपारी मामांना ते ठाऊक असल्यासारखं मला वाटलं. दुखणं तेवढंच होतं. संध्याकाळचा डोस मी वाढवूनच निघाले, डॉक्टरांना फोन करून. वचन वाचलं म्हणून मॉर्फिन कमी करायचं नसतं. आमच्यातल्या काही लोकांना हे सांगावं लागतं, म्हणून लिहिलं.

निघताना मामांनी मुलाला खुंटीवरची पिशवी आणायला लावली. आत थापी, लाइनदोरी आणि पितळी ओळंबा. ओळंबा त्यांनी नातवाच्या हातात दिला, दोरी कशी धरायची ते बोटांनी दाखवलं. पोराचा हात हलत होता. मामांनी मनगट धरून तो स्थिर केला आणि टोक थांबेपर्यंत सोडला नाही.

एकोणीस दिवसांनी मामा प्रभूत निजले. खोलीत माणसं मावेनात, म्हणून पेटी जोत्यावर ठेवली. गवत आणि रुई पोरांनी रात्रीच काढली होती. पाळकसाहेबांनी यशया ६५ काढलं आणि एकविसावं वचन आलं तेव्हा मामींनी त्यांच्याआधी ते म्हटलं.